तसूभर न हललेला गडगा

गणपती जाऊन आठ-दहा दिवस झाले होते. ओटीवर बसून सुपारी कातरत होतो, तर नवे पोस्टमन सायकलवरून उतरले आणि आत न येता आवाराच्या दगडी गडग्यापाशीच उभे राहिले. "आजोबा, कार्ड आहे." म्हटलं, आणा की इकडे. तर म्हणाले, "तुम्हीच या जरा." तेव्हाच कळायला हवं होतं. जवळ गेलो तर कार्डाचा कोपरा फाडलेला. मयताची बातमी अशी कळवतात आमच्याकडे. कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. अक्षर प्रकाशचं होतं, खेडहून. "बाबा परवा पहाटे गेले. त्रास झाला नाही." एवढंच. मी दोनदा वाचलं. चौथी शिकलेला माणूस मी, मला वाचायला वेळ लागतो, पण हे काही वाचता येत नव्हतं म्हणून दोनदा वाचलं नाही.

दत्ताराम गेला. माझा शेजारी, आमच्या आळीचा पोस्टमन. तीस वर्षं त्यानं आख्ख्या रत्नागिरीत अशी कोपरा फाडलेली कार्डं पोचवली, पण त्याची रीत वेगळी होती. तो गडग्यावरून हाक मारायचा नाही. सायकल टेकवून आत यायचा, ओटीवर बसायचा आणि आधी प्यायला पाणी मागायचा. तांब्यातलं पाणी सावकाश प्यायचा आणि मग कार्ड पुढं करायचा. मी एकदा विचारलं, हे काय नाटक रे तुझं? तर म्हणाला, "मेल्या, कार्ड वाचल्यावर त्या घरात कुणाला कुणाचं भान राहत नाय. त्याच्या आधी घरातल्या बाईच्या हातून एक काम झालेलं बरं. हात चालू राहतात मग." त्यामुळे आळीत असं झालं होतं की दत्तारामनं पाणी मागितलं की बायकांच्या छातीत धस्स व्हायचं. उन्हाळ्यात घसा सुकला तरी बिचारा पाणी मागायचा नाही, घरी जाऊन प्यायचा.

कार्ड मी फाडलं नाही. घरात नेता येईना आणि फाडवेना. गडग्याच्या दोन दगडांमधल्या सापटीत सरकवून ठेवलं. आणि मग त्याच गडग्यावर हात टेकून उभा राहिलो... त्या गडग्याबद्दलच मला लिहायचं आहे. लिहायची सवय नाही. गवंडीकामाचा गज आणि ओळंबा हातात धरून जन्म गेला. पण हे मी वेळेत कुणाला तोंडानं सांगू शकलो नाही. ज्याला सांगायचं होतं त्यालाही नाही.

आमची आळी शहराच्या वरच्या अंगाला, सड्याकडे, वरच्या कातळमाळाकडे चढताना लागते. मी घर बांधलं तेव्हा इथं करवंदीच्या जाळ्या होत्या. दोन-तीन वर्षांनी दत्तारामनं माझ्या पुढचा, आळीच्या टोकाचा तुकडा घेतला. त्याच्या घराचा जांभ्याचा चिरा मीच घडवला. दोन खोल्या, पुढं पडवी, वर कौलं. पाया खणला त्या दिवशी माझ्या आवाराच्या कोपऱ्यावर हद्दीचा चिरा आम्ही दोघांनी मिळून पुरला. त्याच्या माथ्यावर मी छिन्नीनं फुली मारली. "हे बघ," दत्ताराम म्हणाला, "तू माझा साक्षीदार, मी तुझा."

आमच्याकडचा गडगा म्हणजे खाणीतले दगड नुसते एकावर एक रचलेले असतात. चुना नाही, सिमेंट नाही. माझं आवार रस्त्याहून कमरभर उंच. चार महिने पाऊस झाला की आतली माती फुगते, गडग्याला पोट येतं आणि कुठंतरी तो रस्त्यावर कोसळतो. नवरात्र बसलं की तो परत रचायचा, हे दरवर्षीचं काम. दोन्ही टोकांना दोरी धरायची, दोरीच्या अंगानं दगड रचत जायचं. एक टोक माझ्याकडे, दुसरं दत्तारामच्या हातात. टपाल वाटून आला की खाकी कपड्यातच उभा राहायचा. आता दगड बाहेर पडलेले, मागं माती ओघळलेली. ती सगळी माती उपसून जुन्या जागी रचायचं म्हणजे दुप्पट मेहनत. मग काय करतो माणूस? बोटभर बाहेर रचतो. पुढच्या वर्षी आणखी बोटभर. गावोगाव हेच चालतं, कुणी त्याला चोरी म्हणत नाही. दत्ताराम दोरी धरून हसायचा. "भिक्या, तुझा गडगा चालतो रे! एक दिवस माझ्या ओटीवर येऊन चहा मागंल." मी म्हणायचो, तू दोरी ताठ धर, बडबड नको.

असा पंचवीस-तीस वर्षं तो चालला. जुनी हद्द आणि सरकलेला गडगा यांच्यामधे जी पट्टी सुटली तिच्यात रातांब्याचं रोप आपोआप उगवलं, झाड झालं. आमची ही दरवर्षी त्याची आमसुलं घालायची आणि पहिला डबा दत्तारामच्या बायकोकडे, सुमतीवहिनींकडे जायचा. फुलीचा चिरा त्या झाडाच्या बुंध्याशी, पाल्यात बुडून गेला. मी विसरलो असं म्हणणार नाही. गवंडी माप विसरत नाही.

दत्ताराम निवृत्त होण्याच्या सुमारास शहर वाढायला लागलं. कचेऱ्या आल्या, कॉलेज वाढलं, बँका आल्या. नोकरीला माणसं येत होती, पण राहायची कुठं? दत्तारामला ते पत्रांवरून कळायचं. "अरे भिक्या, माझ्या पिशवीत निम्म्या पत्रांवर 'मार्फत' असतं. मार्फत अमके, मार्फत तमके. एकेका घरात चार-चार माणसं मार्फत. नोकरी पक्की, पगार पक्का, लग्न झालेलं, आणि नावावर पत्ता नाय. पोस्टात असून मला त्या शब्दाची चीड आली बघ." आमच्या आळीत नियम असा की एका तुकड्यावर एक घर, एक चूल. नियम कागदावरचा, पण आम्हाला तो आवडायचा. मोकळी आवारं, बावीला पाणी, कुणाच्या खिडकीतून कुणाची चूल दिसत नाही.

एकदा तो एका मुलीला घेऊन आला. राजापूरकडच्या गावची, शाळेत नवी शिक्षिका. माझ्या मागच्या पडवीची खोली तिला द्यावी असं त्याच्या मनात. मी तिला आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. मग मी गावात वाडी कुठची ते विचारलं, तेही तिनं सरळ सांगितलं, मान खाली न घालता. बौद्धवाडी. मी म्हटलं, खोली रिकामी नाही. ती "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. दत्ताराम तिथंच थांबला. "भिक्या, तुझ्या खोलीत शेणी-गोवऱ्या राहतात. सुखानं राहतात. माणूस नाय चालत." मी रागावून आत गेलो. ती मुलगी दत्तारामच्या पुढच्या पडवीत, पोत्यांचा आडोसा करून एक वर्ष राहिली. माझ्या गडग्यावरून रोज शाळेत जायची, "येते, काका" म्हणायची. मी सुपारी कातरत असायचो. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिलं पाहिजे. दत्तारामच्या डोक्यात बिल्डिंगचं आलं ते तिथून, असं मला वाटतं.

तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं नवा आराखडा काढला. आमच्यासकट वरच्या अंगाच्या आळ्यांमधे एकाच तुकड्यावर जास्त बिऱ्हाडांची, तीन मजली इमारत बांधता येईल, अट एकच, आळीचा रस्ता टोकापासून टोकापर्यंत वीस फूट पाहिजे. हरकती आणि सूचना मागवल्या. आळी पेटली. नाना, आमच्या कोपऱ्यावर राहणारे निवृत्त हेडक्लार्क, त्यांनी अर्ज लिहिला, मी घरोघर सह्या घेत फिरलो. माझं म्हणणं खोटं नव्हतं. मे महिन्यात बावीचा तळ दिसतो, आठ बिऱ्हाडं आली तर पाणी कुठून आणणार? सांडपाणी उताराला सोडलं की खालच्या घरात. हे मी आजही म्हणेन. पण सह्या घेताना मी आणखीही बोलत होतो. "कोण कुठला येईल, कशाचे कशाचे लोक येतील." हे ऐकलं की माणसं पटकन सही करायची. पाण्याचं ऐकून करत नव्हती इतकी.

दत्तारामनं सही केली नाही. त्याचा एक मुलगा, प्रकाश, खेडला शाळेत कारकून. बायको, दोन मुलं, भाड्याच्या दोन खोल्या. दत्तारामचं घर दोन खोल्यांचं, वासे पोखरलेले. एक ठेकेदार त्याच्या जागेत आठ ब्लॉक बांधायला तयार होता, त्यातले दोन दत्तारामला. एकात तो आणि वहिनी, एकात प्रकाश. मुलगा इथं बदली करून घ्यायला तयार होता. "म्हातारपणी नातवंडं जिन्यावरून धावतील रे," तो म्हणायचा. "आणि उरलेल्या सहांच्या पत्रावर मार्फत नसंल." मी म्हणायचो, तुझ्या जिन्यासाठी आम्ही आमचं आभाळ देऊ काय? तो म्हणायचा, "आभाळ काय तुझ्या बापानं बांधलं? चिऱ्याचं असतं तर मानलं असतं." आम्ही भांडायचो आणि मग चहा प्यायचो. तेव्हा वाटायचं, हेही असंच आहे.

सुनावणी शाळेच्या वर्गात झाली. पोरांच्या बाकांवर आम्ही म्हातारे गुडघे दुमडून बसलेलो. अधिकाऱ्यानं आळीचा नकाशा फळ्यावर लावला. माणसं मापं घेऊन गेली होती. सगळीकडे रस्ता वीसला पुरत होता, फक्त एका जागी, माझ्या गडग्यापाशी, अडीच फूट कमी. त्याच्या पुढं एकच घर. दत्तारामचं. अधिकाऱ्यानं विचारलं, "हा गडगा कुणाचा? मूळ जागेवर आहे का?" वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानांनी मला कोपरानं डिवचलं. मी उभा राहिलो. बाक लहान, उठताना धडपडलो, कुणीतरी हसलं, त्याचाही राग आला असेल. म्हटलं, "गडगा मी स्वतः घातलाय. गवंडी आहे मी. इतकी वर्षं झाली, तो तसूभर हललेला नाही."

तसू म्हणजे आमच्या गजाचा चोविसावा भाग. बोटभर. बरोबर तेवढाच तो दरवर्षी हलत होता.

अधिकारी दत्तारामकडे वळला. "तुम्ही शेजारी. तुम्हाला काय सांगायचंय?" दत्ताराम उठला. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. झाडाच्या बुंध्याशी पाला सारा, फुलीचा चिरा दिसेल. बस्स. तो फळ्यावरच्या नकाशाकडे बघत राहिला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मग म्हणाला, "भिकाजी गवंडी आहे साहेब. मापात तो चुकायचा नाय." आणि खाली बसला. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. आमची आळी आराखड्यातून वगळली. बाहेर आल्यावर नानांनी माझा हात हलवला, कुणी पेढे आणले. मीही खाल्ला.

मला वाटलं, आता दत्ताराम बोलायचा नाही. चार महिने तसा तो माझ्या ओटीवर आलाही नाही. पण नवरात्र बसलं, मी पडलेले दगड गोळा करत होतो, आणि हा आपला येऊन दोरीचं टोक उचलून उभा. हातात दोरी घेऊन, हसत नाही, थट्टा नाही. म्हणाला, "या वर्षी सरळ घे, भिक्या." इतक्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. मला समजलं. त्याला काय म्हणायचंय, किती हळू म्हणतोय, कुणाच्या समोर म्हणत नाहीये, सगळं समजलं. तेव्हा हो म्हटलं असतं तर... अजून मुदत होती, अर्ज करता आला असता, मला खोटं पाडल्याशिवाय होण्यासारखं होतं. पावसात सरकला असेल म्हणून सांगता आलं असतं. पण मी दगड उचलत म्हणालो, "सरळच असतो माझा गडगा." तो मी दाखवली त्या जागी दोरी ताठ धरून संध्याकाळपर्यंत उभा राहिला.

पुढच्या मे महिन्यात वहिनींचे गुडघे गेले, एक वासा मोडला, आणि ते दोघं खेडला प्रकाशकडे गेले. घराला कुलूप. पहिलं कार्ड आलं त्यात खुशाली होती, आणि खाली त्याचा नवा पत्ता, त्याच्या त्या पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात. नावाखाली लिहिलं होतं, 'मार्फत', आणि पुढं घरमालकाचं नाव. मला वाटतं ते त्यानं मला टोचायला लिहिलं नव्हतं. पत्ता तसाच होता, म्हणून तसा लिहिला.

गेल्या हिवाळ्यात मी एष्टीनं खेडला गेलो. हिला सांगितलं, आमसुलं पोचवायला जातो. खरं म्हणजे सांगायला गेलो होतो. जगबुडी नदीच्या पुलापासून विचारत विचारत घर काढलं. दोन खोल्यांत सहा माणसं. आत नातू अभ्यास करत होता म्हणून दत्ताराम बाहेरच्या सामाईक गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला, डोक्यावर दुसऱ्या बिऱ्हाडाची लुगडी वाळत होती. मला बघून इतका खूश झाला की मलाच लाज वाटली. वहिनींनी चहा केला. त्यानं आळीतल्या प्रत्येक घराची चौकशी केली, घरं पायी हिंडल्यासारखी, ओळीनं. मग म्हणाला, "गडगा पडला काय यंदा?"

"पडला."

"दोरी कुणी धरली?"

"हिनं."

"मग काय, सोडला असंल तिनं ढिला," तो हसला. "किती चालला?"

इतकं दार उघडून दिलं होतं त्यानं. मी म्हटलं, "दत्ताराम, तो गडगा..." तेवढ्यात घरमालक जिना चढून आला आणि म्हणाला, "अहो आजोबा, खुर्ची जरा आत घ्या की, येण्याजाण्याचा रस्ता आहे हा." आणि दत्ताराम, ज्यानं तीस वर्षं कलेक्टरपासून कोळणीपर्यंत सगळ्यांना मान वर करून टपाल दिलं, तो चटकन उठला, "हो हो, घेतो ना," म्हणत खुर्ची मिटून उराशी धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. रस्ता अडवला म्हणून. त्यानं. माझ्या तोंडातलं वाक्य तिथंच राहिलं. परतीची एष्टी होती, मी निघालो. तो पुलापर्यंत आला. म्हणाला, "आमसुलं बरी झालीत यंदा. झाड चांगलं आहे तुझं." मी गाडीत चढलो.

नंतर हे कार्ड.

त्याच्या बाराव्याला मी खेडला जाऊन आलो. प्रकाशला सगळं सांगितलं, चिऱ्याचं, फुलीचं. तो म्हणाला, "काका, बाबांनी मला ते सुनावणीच्या दिवशीच सांगितलं होतं. मी म्हटलं, मी बोलतो साहेबांशी. तर मला म्हणाले, त्याचं माप खोटं ठरलं तर त्याच्याकडे उरलं काय?" त्यानं आता खेडलाच ब्लॉक घ्यायचं ठरवलंय. इथलं घर विकणार. मी नगरपालिकेत गेलो. कारकुनाला म्हटलं, आमच्या आळीचं माप चुकलंय. तो म्हणाला, "आजोबा, आराखडा मंजूर झाला. पुढचा निघेल तेव्हा हरकत द्या." म्हटलं, हरकत द्यायची नाही, काढून घ्यायची आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं. "तशी सोय नाही."

नवरात्र बसलं त्या दिवशी मी गडगा सोडवायला घेतला. पडलेला भाग नाही, सगळा. या वयात एकट्यानं अकरा दिवस लागले. माती उपसली, पाला सारला. फुलीचा चिरा तिथंच होता, फुली जरा बुजलेली. सापटीतलं ते कार्डही निघालं. नाना काठी टेकत आले, बघत राहिले. "काय भिकाजी, आता आळीत बिल्डिंगा आणणार वाटतं?" मी म्हटलं, "नाना, रस्ता रस्त्याचा आहे. मी खोटं बोललो होतो." ते काहीतरी पुटपुटत गेले. तेव्हापासून माझ्या ओटीवर येत नाहीत. न येऊ देत. रातांबा आता गडग्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला आला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं खावे.

पहिला थर लावायला दोरी बांधली. हिचे हात आता थरथरतात, म्हणून एक लोखंडी खुंटी ठोकली आणि दुसरं टोक तिला बांधलं. चिऱ्याच्या फुलीवरून, बरोबर. खुंटी बरी, दमत नाही, दोरी ताठ राहते. कार्ड मी पहिल्या दोन दगडांत ठेवलं आणि वर तिसरा बसवला. मग मागं सरून, एक डोळा मिटून ओळ बघितली. सरळ होती. तरी मी दोरी सोडली आणि पुन्हा बांधली, पुन्हा बघितली... उगाच. "भिक्या, तुझा गडगा चालतो रे," असं कुणीतरी म्हणावं म्हणून थांबलो होतो.